सपाट रेघ

सुताराच्या लेकीचा झोपेचा आलेख बघताच संशोधक मॅडमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी लेकीला दिलेलं मनगटावरचं घड्याळ दिवसरात्र हालचाल टिपायचं. हात स्थिर राहिला, की झोप धरायचं. चौदाही रात्री आठ-आठ तास सपाट रेघ, आणि समोर बसलेल्या लेकीचे डोळे खोल गेलेले! "पोर ढाराढूर झोपते हो," सुतार घाईने म्हणाला. "आता तिला पुन्हा मनोरुग्णालयात ठेवायला नको ना?" मॅडमनी घड्याळ उलटसुलट पाहिलं. लेकीच्या काडीसारख्या मनगटाला पट्ट्याचं सगळ्यात आतलं छिद्र लागायचं; ताणलं गेलं होतं मात्र टोकाचं. सुताराने बाही खाली ओढली, पण रापलेल्या मनगटावरची फिकट खूण त्यांनी हेरलीच. "म्हणजे घड्याळ तुमच्या हातात होतं! पोर तळमळत असताना तुम्हाला एवढी गाढ झोप लागलीच कशी?" "झोपलो कुठे, मॅडम?" सुतार पुटपुटला. "रात्रभर हात हलू दिला नाही."