खाली ठेवलेला ग्लास

निनादने बिअर बनवायच्या तयार किटमधून घरी केलेली बिअर मेलबर्नमधले मित्र ‘झकास’ म्हणत पीत. भेटीला आलेल्या सासऱ्यांनी, रंगरावांनी, मात्र एका घोटातच ग्लास खाली ठेवला. “जावईबापू, खरं सांगू? आंबूस लागते.”

निनाद ओशाळला. पण सासऱ्यांची तीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली होती. “मग काय करू, बाबा?” त्याने विचारलं.

“यीस्टला उकाडा सोसत नाही, बिअर आंबवायचं पिंप गार जागी ठेवा. आणि साखरेऐवजी बार्लीचं माल्टच वाढवा.”

दोघांनी नवं पिंप भरून गॅरेजात ठेवलं. महिन्याने मित्रांनी चव घेतली आणि लगेच पुन्हा ग्लास पुढे केले.

“बाबा, तुमच्यामुळे!” निनाद म्हणाला, तर रंगरावांनीच त्याचा हात धरला. “रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं हो.”