भोकाचं नाणं

खोटी नाणी कशी ओळखावी, यावर डेस्मंड पार्जिटर नॉरिचच्या नाणेमंडळात दरवर्षी भाषण ठोकायचा. त्या शनिवारी तो लिलावातून साडेचारशे वर्षांपूर्वीच्या ट्यूडर घराण्यातल्या राणीच्या काळातलं सोन्याचं नाणं घेऊन नाचतच घरी आला.

"याला भोक कसलं?" बायकोने, मॉडने विचारलं.

"अगं, भोकातच तर गंमत आहे! राणी हे फितीत ओवून स्वतःच्या हाताने रोग्याच्या गळ्यात घालायची. रोग पळायचा म्हणे!"

मंगळवारी लंडनच्या तज्ज्ञाने भिंग लावलं आणि हसू दाबलं. "साहेब, भोक विजेच्या ड्रिलचं आहे. आणि सोन्याचा नुसता मुलामा."

डेस्मंड घरी येऊन खुर्चीत बसला. "प्रथा अजून चालू आहे गं. माझ्याही गळ्यात मारलंच."

"मग, गेला का रोग?"

डेस्मंडने पुढच्या लिलावाची यादी हळूच खुर्चीतल्या उशीखाली सरकवली.