मातीला

रांगेच्या शेवटी निंगव्वा दिसली, तेव्हा राखेची वाटी धरून उभ्या असलेल्या फादर मारेक यांनी पुन्हा एकदा नीट निरखून पाहिलं.

निंगव्वा त्यांच्या घरी स्वयंपाक करायची. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात तिचं राज्य होतं, पण चर्चचा उंबरा तिनं आजवर ओलांडला नव्हता. आज राखेचा बुधवार. उपासकाळाचा पहिला दिवस. प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायचा आणि त्याला मरणाची आठवण करून द्यायची. बाहेर सात रस्ता चौकात रिक्षा कोकलत होत्या. आत रांग मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत होती.

निंगव्वाला मरणाची आठवण करून द्यायची गरज नव्हती. तिचा मुलगा शिवयोगी रविवारपासून दवाखान्यात मशीनवर होता. अक्कलकोट रोडला ट्रकनं उडवला होता त्याला. सून अक्षता त्याच्या उशाशी बसून होती. आजचा दिवस निघू दे, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

आजची राख निंगव्वानंच केली होती. मागच्या वर्षी चर्चच्या सणात वाटलेल्या, आता वाळलेल्या झावळ्या काल तिनं परसात जाळल्या, राख फडक्यातून गाळून वाटीत भरली. राख कुणीही करतं, पण देवाच्या माणसाचा हात लागला की तिचा अंगारा होतो. तिचा हिशेब एवढा साधा होता.

पोलंडहून आलेल्या फादरना सोलापूर आता अंगवळणी पडलं होतं. कडक भाकरी पचली, शेंगाचटणी पचली, पहिला उन्हाळासुद्धा पचला. मराठी तेवढी अजून घशात अडकायची. आजच्या विधीचं वाक्य पुस्तकात होतं, 'तू माती आहेस आणि मातीस मिळशील.' फादरना ते फार पुस्तकी वाटलं. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं, ही त्यांची हौस. निंगव्वा अधूनमधून रजा मागायची, "उद्या मातीला जायाचं हाय, फादर." बाई शेतात जात असेल, असं फादर धरून चालले होते. शब्द त्यांना आवडला. त्यांनी तो उचलला, पुस्तकातल्या 'मातीस मिळशील'च्या जागी बसवला आणि आरशासमोर उभं राहून घोकला.

आज रांगेतल्या लोकांनी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. फादरची मराठी, चालायचंच. शेजारी पाण्याचं भांडं धरून उभी असलेली म्हातारी सुंदरम्मा दोनदा खाकरली. पण भर मिस्सामध्ये, प्रार्थना चालू असताना, फादरना टोकायचं कसं?

निंगव्वा पुढं आली. तिनं कागदाचा चौकोनी तुकडा तळहातावर पसरला.

"मला नगं, फादर. माज्या शिवयोगीला द्या. चिमूटभर. उशाला ठेवते."

हे नियमात बसत नव्हतं. पण तिचे डोळे पाहून फादरचा जीव कळवळला. त्यांनी राखेची चिमूट कागदावर सोडली. नुसतीच कशी द्यायची, म्हणून तिच्या मुलासाठी ते वाक्यही म्हटलं, अगदी सावकाश, एकेक अक्षर जपून.

"लक्षात ठेव, तू माती आहेस आणि मातीला जाशील."

पुडी बांधणारी निंगव्वाची बोटं थांबली.

"यार्दु?" तिच्या तोंडून कानडीच निघालं. मग मराठीत, हलक्या आवाजात, "कुणाच्या?"

फादरना बरं वाटलं. इतक्या जणांमध्ये फक्त या बाईनं अर्थ विचारला होता. ते हसले आणि आजच्या प्रवचनातलं पाठ केलेलं वाक्य त्यांनी तिला मायेनं दिलं.

"घाबरू नका, अव्वा. वेळ जवळ आली आहे. तयार राहा."

सुंदरम्मानं हातातलं भांडं घाईनं खाली ठेवलं. पाणी तिच्या पायावर सांडलं.

"फादर!" ती त्यांच्या कानाशी आली. "मातीला जायाचं म्हंजे मयताला जायाचं. कुणी मेलं, पुरायला नेलं, की त्याच्या मातीला जातेत. ही रजा घेते ती त्याच्यासाठी."

फादरच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. निंगव्वाच्या सगळ्या रजा त्यांना एकदम आठवल्या. दर वेळी त्यांनी तिला हसत निरोप दिला होता. एकदा तर, 'पीक चांगलं येऊ दे,' असंही म्हणाले होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली.

"नाही, नाही, अव्वा. शब्द चुकला. मला तसं म्हणायचं नव्हतं. तो शब्द मी तुमच्याकडूनच शिकलो."

निंगव्वानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर फादरना बरं वाटलं असतं.

"शिकून येत न्हाय असलं," ती म्हणाली. "वदवून घेणारा येगळाच असतो."

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं तो बाहेर काढला. पडद्यावर अक्षताचं नाव होतं. रांगेतून परत गेलेले लोक बाकांवरून मान वळवून बघू लागले. त्यांच्या कपाळांवरचे काळे क्रूस ओळीनं तिच्याकडं वळले.

"घे की, निंगव्वा," सुंदरम्मा म्हणाली.

निंगव्वानं आधी पुडी पुरी केली. राखेचा कण सांडू दिला नाही. ती कमरेला नीट खोचली. मग वाजता फोन तिनं फादरच्या पुढं धरला.

"तुमीच घ्या, फादर. कुणाच्या मातीला जायाचं, ते तुमाला ठावं हाय."