नव्या भट्टीचा पाया

काँक्रीट अजून नीट वाळलंही नव्हतं, आणि मंत्रालयातून पाहणीला आलेली बाई त्याच्या कडेवर उभी होती.

"हे काय आहे?" झदेंका पोल्याकोवाने विचारलं.

काच कारखान्याचा डायरेक्टर वेंडेलिन तोंड उघडणार तोच भट्टीचा मिस्तरी इमरिख पुढे आला. "कुंपणाचा पाया आहे, इंजिनिअर बाई."

"एवढा रुंद? आत काय अस्वलं पाळणार आहात?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"नव्या भट्टीचा पाया आहे," वेंडेलिन म्हणाला. "जुनी हा हिवाळा काढणार नाही. थांबणं शक्यच नव्हतं."

"तुम्हाला पत्रात स्पष्ट कळवलं होतं. मंजुरीआधी काम सुरू केलं तर अनुदान नाही. कमी नाही, अजिबातच नाही. जो अनुदानाशिवाय सुरुवात करू शकतो त्याला अनुदानाची गरज नाही, असं धरतात."

"या पायासाठी लोकांनी दोन महिन्यांचा पगार सोडलाय, बाई."

"म्हणजे पैसे होते." बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. ती खाली बघू लागली.

"मंजुरी कधी येईल?" इमरिखने विचारलं.

"आमच्याकडून सुटलं की ब्रुसेल्सला, युरोपियन युनियनकडे जाईल. वसंतापर्यंत."

"मग चला, हे जरा आमच्या भट्टीला सांगा. आमचं ती ऐकत नाही."

त्याने तिला आत नेलं. भट्टीच्या एका कोपऱ्यात भिंत इतकी झिजली होती, की आतली वितळलेली काच विटांतून लालभडक दिसत होती. दोन मोठे पंखे त्या जागेवर वारा सोडत होते. शेजारी स्टूल, पाण्याची नळी.

"बोटभर वीट उरलीय. रात्रंदिवस इथे एक माणूस बसतो. लाली सरकली की पंखा सरकवायचा, नाहीतर पाणी."

"आणि फुटली तर?"

"सगळी काच वाहून जाते. भट्टी गार पडते. गार पडलेली म्हातारी भट्टी परत उठत नाही, बाई. आणि इथे दुसरं आहे काय? पोस्ट, चर्च आणि दारूचा गुत्ता. गुत्त्यावर येतात तेही आमचेच लोक."

बाहेर आल्यावर तिने गाडीचं दार उघडलं. मग कुणाच्याही तोंडाकडे न बघता म्हणाली, "घाटात बर्फ पडलाय. मला उशीर झाला, मी अजून इथे आलेलेच नाही. मी तीनला पोचेन. मी पोचेन तेव्हा इथे माती दिसली पाहिजे."

गाडी फाटकाबाहेर गेली तरी कुणी हललं नाही. पहिला घण वेंडेलिनने उचलला.

ज्यांनी पाया घातला होता तेच तो फोडू लागले. सळया कापल्या, तुकडे ट्रकमध्ये टाकले. माती भरायला लोडर हवा होता, आणि इमरिखशिवाय लोडर चालवणारा एकमेव माणूस इस्पितळात होता. इमरिख कोपऱ्याजवळच्या स्टुलावरून उठायला तयार नव्हता.

"तू जा, इमरो," वेंडेलिन म्हणाला. "मी बसतो इथे."

"डोळा हलवू नकोस. लहानपणी गाई राखताना झोपायचास, तसं करू नकोस."

वेंडेलिन बसला. पण खिडकीतून खड्डा दिसत होता. दुपार झाली तरी अर्धाही भरला नव्हता. माणसं घामाने भिजली होती, थंडीत त्यांच्या पाठीतून वाफ निघत होती. तो उठला, बाहेर आला आणि फावडं घेतलं.

"वेंडो! कोपरा!" इमरिख लोडरवरून ओरडला.

"आत्ता बघून आलो. शांत आहे."

मध्ये तो दोनदा आत जाऊन आला. दोन्ही वेळा कोपरा शांत होता. तिसऱ्यांदा जायचं त्याच्या डोक्यात होतं, एवढा शेवटचा ढीग सरकवला की.

कारखान्याच्या खिडक्या आधी पिवळ्या झाल्या, मग पांढऱ्या. इमरिखने लोडरवरून उडी मारली, तेव्हा कोपरा फुटून वितळलेली काच तळघराच्या जिन्यावरून खाली चालली होती. त्याने नळी धरली. समोर वाचवण्यासारखं काही उरलं होतं तोवर तो पाणी मारत राहिला. कुणीतरी गॅस बंद केला, आणि सगळ्यांच्या कानात जन्मापासून असलेली भट्टीची घरघर थांबली. खालच्या आळीतल्या बायका ती शांतता ऐकून रस्त्यावर आल्या.

झदेंकाची गाडी तीनला आली. पायाच्या जागी मागचं अंगण सपाट होतं, नवी माती ओळखू येऊ नये म्हणून वर राखही पसरलेली होती. तिने समाधानाने कॅमेरा काढला. मग भिंतीशी ओळीने बसलेली माणसं तिला दिसली. कुणाच्या भुवया जळल्या होत्या. तळघरातून थांबून थांबून गार होणारी काच तडकण्याचा आवाज येत होता, नदीवरचा बर्फ फुटतो तसा.

"कुणाला लागलं का?"

"नाही," इमरिख म्हणाला.

ती आत जाऊन आली. "कोपऱ्याजवळ कोण होतं?" तिने विचारलं.

इमरिखने वेंडेलिनकडे बघितलं नाही. "सगळे इथेच होतो. माती ओढत होतो."

वेंडेलिन उठला. फावडं अजून त्याच्या हातातच होतं. तो अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि बुटाने एक ढेकूळ दाबून सारखं केलं.

"काढा फोटो, बाई," तो म्हणाला. "आणि लिहा, जागा मोकळी आहे."