मधला काळ

आमची कापड गिरणी बंद करावी, असा अहवाल ज्या प्राध्यापकांनी लिहिला, त्यांनी आम्हा कामगारांना फळ्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. "गिरणी गेली की माणसं दुसऱ्या उद्योगात जातात आणि सगळं पुन्हा समतोलाला येतं," ते म्हणाले.

"आणि मधल्या काळात आम्ही काय करायचं, साहेब?" फिटरकाकांनी विचारलं.

"काका, आमच्या मॉडेलमध्ये मधला काळ धरत नाहीत."

काकांचा मधला काळ चार वर्षं चालला. त्यात राहतं घर गेलं, पोरीचं कॉलेज सुटलं. मग काका लिफ्टदुरुस्तीत लागले, म्हणजे प्राध्यापकांचं गणित तसं बरोबरच निघालं.

परवा प्राध्यापक आपल्याच सत्काराला सातव्या मजल्यावर निघाले आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली. ती आपोआप अडकली, असं काका शपथेवर सांगतात.

"अहो मेकॅनिक, वर लोक खोळंबलेत. किती वेळ लागेल?" आतून आवाज आला.

काकांनी जिन्यात फतकल मारली आणि सावकाश डबा उघडला.


"लिफ्ट कुठल्या ना कुठल्या मजल्याला लागतेच, साहेब. मधला काळ आम्हीही धरत नाही."