खिडकीतली कुत्री

"आई, कुत्री अजून बाहेरच बघतायत," थीरा म्हणाली.

तिला घरी येऊन आठवडा झाला होता. डेन्मार्कपासून केपटाउनपर्यंत एकटीनं विमान नेणारी पहिली बाई ती, पण घरात तिचा पाय ठरत नव्हता. बसली की टाच आपटायची, उठली की खिडकीशी जायची. तिथंच चिनीमातीची ती दोन कुत्री. फानो बेटावर घरचं माणूस समुद्रावर गेलं की त्यांची तोंडं बाहेर करायची, परतलं की आत. विमानानं गेलेल्या बाईसाठी ती फिरवायची की नाही, या वादात शेजारणींनी कितीतरी कॉफी संपवली होती. थीराच्या आईनं, मारेननं, कुणाला न विचारता फिरवून टाकली. आत मात्र अजून वळवली नव्हती.

"विसरलीस ना?" थीरानंच ती आत वळवली. "आलेय की मी. रविवारी तुझ्या सत्तरीला इथेच आहे. केक मी करणार."

"तू?" शेजारची मेटेमावशी कॉफीत बुडवलेलं बिस्कीट सावरत म्हणाली. "त्यात पेट्रोल ओतलं नाहीस म्हणजे मिळवली!"

मारेन खळखळून हसली. रविवारसाठी तिनं ठेवणीतल्या कपबश्या केव्हाच पुसून ठेवल्या होत्या. याआधीचे वाढदिवस तिनं वर्तमानपत्रातला लेकीचा फोटो समोर ठेवून काढले होते. यंदा लेक समोर असणार होती.

तेवढ्यात अंगणातले कपडे दोरीवर उलटे फिरले. आठवडाभर घराकडे फडफडत होते, ते समुद्राकडे फडकू लागले. पूर्वेचा वारा. थीराची पुढची झेप आइसलँडला होती; तिकडे निघणाऱ्याला पाठीशी असा वारा असला की आणखी काय हवं? हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही, आणि मारेन तर कप्तानाची बायको.

थीरानं अर्धा कप तसाच ठेवला.

"विमानावरची ताडपत्री सैल झाली असेल. किनाऱ्यावर जाऊन आलेच."

"जा," मारेन म्हणाली.

दार लागलं. मारेन उठली, खिडकीशी गेली आणि तिनं एकेक करून दोन्ही कुत्री बाहेर वळवली.

"अगं, ताडपत्री बघायला गेलीय पोर!" मेटेमावशी ओरडली. "लगेच काय?"

मारेननं एप्रनच्या टोकानं एका कुत्र्याचं नाक पुसलं.

दार पुन्हा उघडलं. वाऱ्यानं लाल झालेल्या गालांनी थीरा आत आली. खुंटीवर तिची चामड्याची टोपी होती, उडताना घालायची. तिकडे वळता वळता तिला खिडकी दिसली.

"हे काय गं आई? मी अजून गेलेय कुठं?"

मारेननं टोपी खुंटीवरून काढली आणि तिच्या हातात दिली.

"आणि आली कधी होतीस?"