जवसाचं तेल

मशीनचं चाक फिरेना. निर्मलानं दोन्ही हात लावले, पायडल मारून पाहिलं, तरी सुई जागची हलली नाही. बाजूला सत्यभामाबाईंचं ब्लाउजचं कापड पडलं होतं. परवा त्यांच्या पोरीचं लगीन. माहेरी परतल्यापासून निर्मलाला मिळालेलं हे पहिलंच काम.

"काहून फिरत नाही वं?" दारातून तिच्या बापानं, टिकारामनं विचारलं. "मी तं दर बाजाराच्या दिवशी तेल टाकत होतो. एक भोक सोडलं नाही."

खरंच सोडलं नव्हतं. आमच्या घरच्या सुना लोकांचे कपडे शिवत नाहीत, असं व्याह्यांनी बजावलं, म्हणून लग्नानंतर निर्मलाची मशीन त्याच्याकडेच राहिली. चार वर्षं लेक नजरेसमोर नव्हती, तर बिचारा मशीनचीच विचारपूस करायचा. स्वतः भाजी कोरडी खायचा, पण मशीनला तेल कमी पडू दिलं नाही. चाकाला तेवढा हात लावायचा नाही, उगाच बिघडायला नको.

निर्मलानं पेचकसनं सुईखालची पट्टी काढली. आत पिवळा, चिवट थर बसला होता. नखानं खरवडला तरी निघेना.

"कोनतं तेल, बाबा?"

"घरचंच. आपल्या धानाच्या बांधीतल्या जवसाचं. घाणीवरून काढून आणलेलं."

"जवसाचं तेल वाळून घट्ट होते, बाबा. मशीनचं तेल वेगळं राहते."

टिकाराम आत येऊन मशीनपाशी बसला. "म्हंजे मीच जाम केली. कोणाले इचारलंबी नाही. चांगल्यासाठीच करत होतो वं बाई."

"माहीत आहे."

ती साधंच बोलली, पण ‘चांगल्यासाठीच’ हा आपलाच शब्द त्याला लागला. तिची सोयरीकही त्यानं चांगल्यासाठीच केली होती. पक्कं घर पाहिलं, धानाचे ढीग पाहिले, पुढं काही विचारलं नाही. दर दिवाळीला लुगडं घेऊन तिच्या सासरी आसगावला जायचा, बरी आहेस ना म्हणायचा, तिनं मान हलवली की समाधानानं परत यायचा. गेल्या महिन्यात जावयानं दुसरी बायको आणली आणि हिला पेटीसकट धाडून दिलं.

"वरून तं कशी चकचकीत आहे," मशीनवर हात फिरवत तो म्हणाला. "आतून अशी झाली असंल, समजलंच नाही."

"वरून नाई समजत, बाबा."

तो उठला. खुंटीवरचा कंदील काढून त्यातलं मातीतेल त्यानं वाटीत ओतलं, चिंधी घेतली आणि तिच्याजवळ येऊन बसला.

"कुठं कुठं अडकलं, थे सांग आता मले. सगळं सांग."

निर्मलानं पहिल्या भोकावर बोट ठेवलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं.